बिघडलेली हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाचे शूटिंग, सोसायटीचे दप्तर, टॅलीचे हिशेब, प्रबंधाची टिपणे, गेलेल्या माणसांचे फोटो, हे सगळे आज घरोघरी तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत असते. एखाद्या दिवशी ती कॉम्प्युटरला लावली तर दिवा लागतो, पण ड्राइव्ह दिसत नाही. मग दुसरी केबल, दुसरा लॅपटॉप, शेजारचा मुलगा, यूट्यूबवरचा उपाय असे करत संध्याकाळपर्यंत ती पन्नास वेळा लावून काढली जाते. सकाळी जिच्यातून जवळजवळ सगळा डेटा निघाला असता, तिच्यातून रात्री काहीच निघत नाही. डेटा रिकव्हरीच्या कामात हे वारंवार दिसते आणि दर वेळी तितकेच वाईट वाटते, कारण मूळ बिघाड बहुधा लहान असतो. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. पण या विषयात अर्धवट सल्ल्यानेच नुकसान होते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी आत काय असते ते सांगायला हवे, बाकीचे त्यावरूनच कळेल. पोर्टेबल डबीत अडीच इंची हार्ड डिस्क असते. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या, म्हणजे प्लॅटर, साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या गतीने फिरतात. वाचणारी-लिहिणारी हेड चकतीला टेकत नाहीत. फिरण्याने तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर ती तरंगतात. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हे अंतर किती ते लक्षात यावे. काम नसताना हेड चकतीच्या कडेबाहेर एका छोट्या प्लास्टिकच्या उतारावर, रॅम्पवर, जाऊन बसतात. केबल अचानक ओढली गेली तरी फिरत्या चकतीच्या जोरावर मोटरच क्षणभर जनित्रासारखी वीज देते आणि त्या विजेवर हेड रॅम्पवर नेली जातात. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली तर तेवढी उसंत मिळत नाही. हेड चकतीवर आपटतात आणि वाकतात. अशी डिस्क पुन्हा चालू केली की वाकलेले हेड मिनिटाला ५,४०० वेळा त्याच वर्तुळावरून घासत जाते, चुंबकीय थर खरवडते, आणि निघालेली भुकटी बाकीच्या हेडखाली शिरते. डेटा त्या थरातच असतो. तो खरवडला गेला की तेवढा भाग जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

म्हणून पडलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणूनसुद्धा लावायची नाही. एकदाही नाही.

न पडता बिघडलेल्या डिस्कच्या बाबतीत पहिले काम कानांचे. निरोगी डिस्क वीज मिळताच हलकी घरघर करत गती घेते, मग रॅम्पवरून हेड उतरल्याची एक बारीक टिक ऐकू येते आणि आवाज स्थिरावतो. ठरावीक अंतराने टक्, टक्, टक् असा आवाज येत राहिला आणि थोड्या वेळाने मोटर बंद पडली, तर हेडना चकतीवरच्या सर्वो खुणा, म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगणाऱ्या खुणा, वाचता येत नाहीत असे समजावे. हेडचा हात शोधत शोधत टोकाला जाऊन आदळतो, परत येतो, पुन्हा जातो. बारीक ‘पीं पीं’ असा आवाज आला तर तो इशारा देणारा भोंगा नव्हे. आत स्पीकर नसतोच. मोटर फिरू पाहते आहे आणि फिरू शकत नाही, त्याचा तो आवाज आहे. हेड रॅम्पऐवजी चकतीवरच चिकटून राहिली किंवा बेअरिंग जाम झाले की असे होते. खरखर किंवा किरकिर म्हणजे घासणे सुरू झाले आहे. या तिन्हींपैकी काहीही ऐकू आले तर केबल काढायची आणि डिस्क बाजूला ठेवायची. कुठलेही सॉफ्टवेअर वाकलेले हेड सरळ करत नाही.

एक अपवाद आहे. पुरेशी वीज न मिळाल्यानेही टकटक किंवा पीं पीं होऊ शकते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलीअँपिअर आणि ३.० च्या पोर्टने ९०० मिलीअँपिअर द्यावेत असे ठरलेले आहे. अडीच इंची डिस्कला गती घेताना क्षणभर जवळपास १ अँपिअर लागू शकतो. त्यात कॅबिनेटच्या समोरचा पोर्ट, लांब केबल किंवा वीज नसलेला हब मध्ये आला की डिस्क उठते, बसते, पुन्हा उठते. त्यामुळे डिस्क पडलेली नसेल, भिजलेली नसेल, तर एक चाचणी करायला हरकत नाही: आखूड आणि नवी केबल, डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचा निळा पोर्ट, मध्ये हब नाही. डिस्कच्या चपट्या रुंद सॉकेटमध्ये केबल सैल बसत असेल, हात लावला की दिवा मिचमिचत असेल, तर सॉकेटचे सोल्डरिंगचे डाग सुटलेले असण्याची शक्यता मोठी. तो बिघाड सर्वांत स्वस्तात सुटणारा. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा नाही.

आवाज नेहमीचा आहे, डिस्क दिसते, पण उघडत नाही, अशी स्थिती असली की विंडोज तीनपैकी एक गोष्ट विचारते. ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवा’, ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’, किंवा ‘ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का?’ तिन्हींना नाही म्हणायचे. फॉरमॅट आणि इनिशिअलाइझ या दोन्ही क्रिया डिस्कवर लिहितात, आणि लिहिणे हेच टाळायचे असते. तिसरा पर्याय, म्हणजे चेकडिस्क, सर्वांत फसवा आहे. आपल्यासह अनेक दैनिकांच्या तंत्रज्ञान सदरांत तो ‘सोपा घरगुती उपाय’ म्हणून छापला जातो; तो तसा छापू नये अशी कळकळीची विनंती आहे. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या नोंदींची व्यवस्था, सुसंगत करणे हे आहे, तुमच्या फायली वाचवणे नव्हे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि ती डिस्कवर कुठे कुठे आहे ही नोंद मास्टर फाइल टेबलात असते. डिस्कला बॅड सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा साठवण्याचा लहान कप्पा) असतील तर त्या नोंदी धड वाचल्या जात नाहीत, आणि न जुळणाऱ्या नोंदी चेकडिस्क खोडून टाकतो किंवा त्यांचे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांनी टाकतो. वर ते काम करताना आजारी डिस्कला तासन्‌तास राबवतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या खिडकीत ‘रॉ’ असे दिसले तर त्याचा अर्थ डेटा गेला असा नाही. विंडोजला सुरुवातीच्या काही नोंदी वाचता आल्या नाहीत, एवढाच तो अर्थ. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची, म्हणजे विभागाच्या (पार्टिशनच्या) पहिल्या सेक्टरची, एक प्रत त्याच विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. कित्येकदा तेवढ्यावरही सगळे परत दिसू लागते.

डिस्क मॅनेजमेंटमधला आकारही बोलका असतो. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ते बरोबर आहे. आकार शून्य किंवा भलताच दिसत असेल तर बिघाड बहुधा डिस्कच्या फर्मवेअरमध्ये (तिला चालवणाऱ्या अंतर्गत प्रोग्राममध्ये) किंवा हेडमध्ये असतो आणि घरी करण्यासारखे काही उरत नाही. आकार बरोबर असेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदी, पाहाव्यात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम त्या दाखवतो. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. उजवीकडचा रॉ आकडा मुळात षोडशमान पद्धतीत असतो, म्हणजे तिथे १० दिसले तर ते १६ समजावेत. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्कवर विश्वास संपला. सी७ वाढलेला असेल तर मात्र दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा.

आता मुख्य काम. नियम एकच आहे: मूळ डिस्कवर रिकव्हरी करायची नाही, तिची सेक्टरगणिक प्रत घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. आजारी डिस्कमध्ये किती तासांचे आयुष्य उरले आहे ते कुणालाच माहीत नसते. ते तास फोल्डर उघडून बघण्यात, थंबनेल तयार होण्यात किंवा रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या ‘डीप स्कॅन’मध्ये गेले तर प्रतीसाठी काही राहत नाही. (डिस्क व्यवस्थित उघडत असेल आणि सी५चा आकडा अगदी लहान असेल, तर सर्वांत मोलाचे एक फोल्डर आधी कॉपी करून घ्यावे, मग प्रत. पण एकच.)

प्रत घेण्यासाठी ग्नू प्रकल्पातला डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम उत्तम आहे. आंतोनियो दियास दियास यांनी तो लिहिला. तो लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, चालतो. सिस्टिमरेस्क्यू नावाच्या लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवला की त्यात डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक तिन्ही तयार मिळतात. नेहमीचे उबुंटू वापरत असाल तर पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे हे लक्षात ठेवा, आणि डिस्क आपोआप माउंट होण्याची, म्हणजे जोडताच उघडण्याची, सोय आधी बंद करा. प्रत ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी, चांगली डिस्क हवी. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ चालेल.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. आज्ञेत आधी बिघडलेल्या डिस्कचे नाव, मग प्रतीचे, मग मॅपफाइलचे, हा क्रम आहे. दोन्ही डिस्क १ टीबीच्या असल्या आणि नावे उलटी पडली तर कोऱ्या डिस्कवरची शून्ये मूळ डेटावर लिहिली जातात. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ (lsblk) या आज्ञेने मॉडेल आणि सीरियल नंबर पाहायचा, डबीवरच्या किंवा डिस्कवरच्या लेबलशी ताडायचा. थेट डिस्कवर न लिहिता फाइलमध्ये प्रत घेतली तर हा धोका बराच कमी होतो.

पहिल्या फेरीत ‘-एन’ (-n) हा पर्याय द्यावा. तो दिला की प्रोग्राम सोपा भाग झरझर उचलतो आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत ‘-डी’ (-d) आणि ‘-आर३’ (-r3) देऊन त्या सोडलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करावा. मॅपफाइल कधीही वगळू नये. कोणता सेक्टर मिळाला, कोणता राहिला याची नोंद तिच्यात असते. वीज गेली, डिस्क अडकली, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम जिथे थांबले तिथून सुरू होते. मॅपफाइल नसेल तर पुन्हा पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे त्याच थकलेल्या डिस्कला तोच रस्ता दुसऱ्यांदा चालायला लावणे. यूएसबीवर आणखी एक खोच आहे. डिस्क मध्येच गप्प झाली आणि केबल काढून लावली की तिचे नाव ‘एसडीबी’चे ‘एसडीसी’ होऊ शकते. जुनीच आज्ञा डोळे झाकून चालवली तर भलतीच डिस्क वाचली जाते. त्यापेक्षा ‘बाय-आयडी’ (/dev/disk/by-id) फोल्डरातले, सीरियल नंबर असलेले लांब नाव वापरावे.

काम सुरू झाले की स्क्रीनवर किती मिळाले, सध्याचा वेग, सरासरी वेग, आणि शेवटचे यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झाले, या ओळी हलत राहतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवायचे. सेकंदाला १०० एमबीचा वेग असेल तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. वेग १ एमबीवर आला तर तेच काम साडेअकरा दिवसांचे होते. डिस्क टेबलावर आडवी, न हलवता ठेवावी, समोर छोटा पंखा लावावा. शेवटच्या यशस्वी वाचनाचा आकडा वाढतच चालला आणि नवा आवाज येऊ लागला तर थांबावे. डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाचा प्रोग्राम मॅपफाइल चित्रासारखी दाखवतो. त्यात खराब जागा एखाद्या कोपऱ्यात एकवटलेल्या असतील तर काळजी कमी. पण साडीच्या पट्ट्यांसारखे ठरावीक अंतराने चांगला भाग, खराब भाग, पुन्हा चांगला, पुन्हा खराब असे दिसले, तर अनेक हेडपैकी एक हेड गेले आहे. मग पुढच्या फेऱ्या मारू नयेत. उरलेला डेटा हेड बदलूनच मिळतो आणि प्रत्येक फेरी त्या पृष्ठभागाचे नुकसान वाढवू शकते.

प्रत हाती आली की घाई संपली. टेस्टडिस्क हरवलेले पार्टिशन आणि बूट सेक्टर शोधून देतो, नावे आणि फोल्डर शाबूत राहतात. ते जमले नाही तर फोटोरेक. दोन्ही क्रिस्तोफ ग्रनिए यांचे, दोन्ही मोफत. फोटोरेक फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही. फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून तो त्या उपसून काढतो. त्यामुळे फोटो मिळतात, पण ‘रेकप_डिर.१’ अशा फोल्डरांत, आकड्यांच्या नावांनी. फोटोंच्या आत तारीख असते, तिच्यावरून त्यांची लावणी करता येते. तुकड्या-तुकड्यांत साठलेल्या मोठ्या व्हिडिओ फायली मात्र या रीतीने बहुधा चालत नाहीत. टॅलीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरात कितीतरी लहान फायलींत विखुरलेला असतो आणि ती नावे व रचना गेली की फायली मिळूनही हिशेब उघडत नाहीत. दुकानातून ‘डेटा मिळाला’ असा निरोप आला की व्यापाऱ्यांनी नुसते फायलींचे आकडे न पाहता कंपनी टॅलीत उघडून पाहावी.

मराठी मजकुराबाबत एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दहा-वीस वर्षांपूर्वीची बरीच डीटीपी कामे, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या पेजमेकर फायली श्री-लिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. रिकव्हरीनंतर त्या उघडल्या की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि लोक फाइल खराब समजून डिलीट करतात. फाइल चांगली असते, त्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो. जुन्या मशीनवरचा फाँट टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो.

आता सर्किट बोर्डाबद्दल. ‘तशाच डिस्कचा बोर्ड काढून लावला की चालते’ हे फार जुन्या डिस्कच्या काळात खरे होते आणि म्हणूनच अजून ऐकायला मिळते. आजच्या डिस्कच्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते; तिच्यात त्याच डिस्कच्या त्याच हेडसाठी कारखान्यात जुळवलेली मूल्ये असतात. काही बोर्डांत ती मुख्य चिपच्या आतच असते. नवा बोर्ड घातला तरी जुनी रॉम त्यावर नेल्याशिवाय डिस्क धड सुरू होत नाही. शिवाय टकटक करणाऱ्या डिस्कचा बोर्ड बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बोर्डाचा संशय तेव्हाच घ्यावा जेव्हा डिस्क पूर्ण मुकी असते. टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. त्याच मापाची पिन असलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर चुकून लागला की केसिंगमधला यूएसबी-साटा बोर्ड (साटा म्हणजे कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडण्याची पद्धत) जळतो, किंवा डिस्कच्या बोर्डावरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट होतो. हा डायोड जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन बाकीच्यांना वाचवतो. मल्टिमीटरवर तो दोन्ही दिशांनी शॉर्ट दाखवत असेल तर जाणता तंत्रज्ञ तो कापून काढतो आणि पुष्कळदा डिस्क जागी होते. पण आता तिला संरक्षण उरलेले नसते, म्हणून योग्य अडॅप्टर लावून लगेच प्रत घ्यायची आणि ती डिस्क निवृत्त करायची.

किनारपट्टीच्या दमट हवेत आणखी एक साधा दोष आढळतो. बोर्ड उलटा केला की हेड आणि मोटरकडे जाणारे चकचकीत संपर्कबिंदू दिसतात. त्यांवर काळपट थर चढतो. बोर्ड ताऱ्याच्या आकाराच्या बारीक स्क्रूंवर बसवलेला असतो, टी५ किंवा टी६ पान्याने निघतो. ते बिंदू पेन्सिलच्या खोडरबराने हळुवार पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले की काही डिस्क परत वाचू लागतात. यात चकतीचा कप्पा उघडत नाही, म्हणून सरावलेल्या हाताला हे करायला हरकत नाही.

डबीतून डिस्क काढून थेट साटाला जोडावी का? सीगेटच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये आत नेहमीची साटा डिस्क आणि वर एक छोटा यूएसबी बोर्ड असतो. तिथे हा उपाय चालतो, आणि प्रत घेण्यासाठी साटा जोडणी यूएसबीपेक्षा केव्हाही बरी. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट मालिकेतल्या बहुतेक डिस्कच्या बोर्डावर मात्र यूएसबी सॉकेट थेट बसवलेले असते, साटा जोडणी नसतेच. आणि त्यांच्या अनेक मॉडेलांत पासवर्ड दिलेला नसला तरी डेटा हार्डवेअरमध्येच एन्क्रिप्ट होऊन लिहिला जातो. मूळ बोर्ड फेकला तर चकतीवरचे सगळे वाचूनही हाती निरर्थक आकडेच येतात. जुने केसिंग, जुना बोर्ड, काहीही टाकू नये. बिटलॉकर (विंडोजचे कुलूप) लावलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवावी. ती किंवा पासवर्ड, यांपैकी काहीच नसेल तर रिकव्हरी होत नाही.

फ्रीझरमध्ये ठेवणे, हाताने ठोकणे, झाकण उघडून चकती बोटाने फिरवणे, हे तिन्ही उपाय बंद व्हायला हवेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीवर काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच दव हवेच्या छिद्रावाटे आत जाऊन चकतीवर बसते. झाकण उघडले तर घरातल्या हवेतला धुळीचा कण त्या काही नॅनोमीटरच्या फटीपुढे डोंगराएवढा असतो. हेड बदलण्याचे काम आयएसओ ५ दर्जाच्या स्वच्छ हवेत, म्हणजे एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठे कण शंभराहून जास्त नसतील अशा जागी होते. त्याच मॉडेलची, तेवढ्याच हेडची, शक्यतो त्याच कारखान्यातली आणि जवळच्या तारखेची दाता डिस्क, म्हणजे जिची हेड काढून लावायची ती, लागते. तरीही ती दुरुस्ती कायमची नसते. डेटा निघेपर्यंत टिकली म्हणजे झाले.

भिजलेल्या डिस्कबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराचे पाणी कपाटांपर्यंत चढले तेव्हा कॉम्प्युटरही चिखलात गेले. अशी डिस्क उन्हात ठेवणे, हेअर ड्रायर मारणे, तांदळात पुरणे हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. तसे करू नये. हवेच्या छिद्रातून आत गेलेले गढूळ पाणी सुकले की त्यातला गाळ आणि क्षार चकतीवर घट्ट बसतात आणि हेड चकतीला चिकटतात. डिस्क ओलसरच ठेवायची: बाहेरचा चिखल हळूच पुसायचा, ओल्या फडक्यासकट किंवा ओल्या स्पंजसकट झिपच्या पिशवीत बंद करायची, वीज अजिबात लावायची नाही आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवायची. चकती शाबूत असेल तर काय शक्य असते त्याचे उदाहरण आहे. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळले, त्यातली जळून काळी पडलेली एक डिस्क महिन्यांनी सापडली, आणि तिच्यातल्या प्रयोगाचा जवळजवळ सगळा डेटा निघाला; त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ती डिस्क कुणी मधल्या काळात ‘लावून पाहिली’ नव्हती.

एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्याबद्दल थोडक्यात. तिच्यातून डिलीट झालेल्या फायली, ‘ही जागा आता मोकळी’ असे डिस्कला सांगणाऱ्या ट्रिम आज्ञेमुळे, अनेकदा थोड्याच वेळात कायमच्या जातात. नव्या काही एसएमआर पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम मानतात, म्हणून चुकून फॉरमॅट झाले की लगेच केबल काढावी.

शेवटी दुकानाबद्दल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत डिस्क घेऊन गेलात तर देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या. आधी प्रत घेणार का? डिस्क उघडणार असाल तर कुठे, आणि उघडण्यापूर्वी फोनवर परवानगी घेणार का? दाता डिस्कचे पैसे कुणाचे? पैसे देण्याआधी फायलींची यादी आणि चार-पाच मोठ्या फायली उघडून दाखवणार का? काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत कधी पुसणार? हा प्रश्न संकोचाने विचारला जात नाही, पण त्या डिस्कवर घरातले फोटो, आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रे असतात. ‘बघतो’ म्हणून तुमच्यासमोरच झाकणाचे स्क्रू काढायला लागणाऱ्या दुकानातून डिस्क परत घ्या. एकदा बाहेरच्या हवेत उघडलेली डिस्क पुढच्या माणसाचे काम कितीतरी अवघड करते. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही, आणि जुनी डिस्क ठेवून घेते. म्हणून वॉरंटीला पाठवण्याआधी डेटाचा निर्णय करा. सीगेटच्या काही एक्स्टर्नल डिस्कबरोबर ठरावीक मुदतीची रिकव्हरी सेवा मिळते, ती तुमच्या डिस्कला लागू आहे का ते खोक्यावर आणि नोंदणीत पाहा.

कुरिअरने पाठवायची असेल तर डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच बबल रॅप द्या, खोक्यात ती हलता कामा नये. मूळ केसिंग, मूळ बोर्ड आणि अडॅप्टर सोबत ठेवा. आणि एका कागदावर काय घडले ते खरे खरे लिहा. पडली असेल तर पडली, कुणी उघडली असेल तर उघडली, किती वेळा लावून पाहिली तेही. हे लपवले की समोरचा तंत्रज्ञ ती साध्या बिघाडाची समजून पहिल्याच टेबलावर वीज लावतो, आणि वाकलेले हेड तिथेच पुन्हा चकतीवर उतरते.

आपले,
डेटा रिकव्हरीच्या कामातील दोन वाचक, पुणे